एलएफटीचा रिपोर्ट हातात आल्यावर तो वाचायचा कसा

एलएफटी म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट, यकृताची रक्ततपासणी. तिच्या रिपोर्टचा लिफाफा बहुतेक जण काउंटरवरच उघडतात. नजर थेट ठळक छापलेल्या आकड्यावर जाते आणि तो एसजीपीटी या यकृतातल्या एन्झाइमचा असला की प्रश्न ठरलेला असतो, "लिव्हर खराब झालं का हो?" मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण रिपोर्ट वाचता न आल्यामुळे माणसं दोन्ही बाजूंनी फसताना मी रोज पाहतो. कुणी उगाच घाबरतं, तर कुणी उगाच निश्चिंत होतं.

दोन रिपोर्ट समोर ठेवतो. आकडे उदाहरणासाठी मी जुळवले आहेत, पण असे रिपोर्ट नेहमी निघतात. पहिला ४२ वर्षांच्या माणसाचा: एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२, बाकी सगळं मर्यादेत. दुसरा ५८ वर्षांच्या माणसाचा: एसजीपीटी ३६, एसजीओटी ५८, आणि रक्तातली दोन प्रथिनं, अल्ब्युमिन ३.१, ग्लोब्युलिन ४.२. पहिल्याची झोप उडते. दुसरा "एसजीपीटी नॉर्मल आहे" म्हणत कागद कपाटात टाकतो. काळजी दुसऱ्याची करायला हवी. का, ते पायरी-पायरीने बघू.

पायरी १ : आकड्यांच्या आधी नमुना

रक्त घेतल्यावर ते ट्यूबमध्ये गोठू देतात आणि मग मशीनमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात, वर सिरम उरतं. चांगलं सिरम फिकट पिवळं, गवताच्या काडीसारखं दिसतं. कावीळ असलेल्या माणसाचं सिरम मोहरीच्या तेलासारखं गडद असतं. रात्री तेलकट-तुपकट जेवून सकाळी लवकर आलेल्या माणसाचं कधीकधी दुधासारखं गढूळ दिसतं. रक्त काढताना पेशी फुटल्या असतील तर ते लालसर येतं. अशा लालसर नमुन्यात एसजीओटी खोटं वाढलेलं दिसू शकतं, कारण ते तांबड्या पेशींतही असतं. रिपोर्टच्या तळाशी 'हिमोलाइज्ड सॅम्पल' असा शेरा असेल तर त्या आकड्यावर काही ठरवण्याआधी रक्त पुन्हा द्या.

एलएफटीसाठी उपाशीपोटी यायची सक्ती नसते. सोबत साखर, चरबी तपासायची असेल तर लॅब उपाशी बोलावते. मात्र आदल्या दोन-तीन दिवसांत जिममध्ये नव्याने वजनं उचलली असतील, लांबचा ट्रेक केला असेल किंवा शेतात दिवसभर अंगमेहनत झाली असेल तर ते सांगा. स्नायूंमधूनही एसजीओटी बाहेर येतं, थोडंफार एसजीपीटीही. शंका असेल तर सीपीके नावाची स्नायूंची तपासणी केली की लगेच उलगडा होतो.

आता आकड्याशेजारी छापलेल्या 'रेफरन्स रेंज'बद्दल. साधारणपणे निरोगी समजल्या गेलेल्या शंभर माणसांपैकी पंचाण्णव जणांचे आकडे ज्यात बसतात ती ही चौकट. म्हणजे धडधाकट माणूसही एखाद्या आकड्यात चौकटीबाहेर पडू शकतो. मशीन आणि रसायनं बदलली की मर्यादाही बदलते. म्हणून मित्राच्या रिपोर्टशी तुलना करू नका. ज्या कागदावर आकडा आहे त्याच कागदावरची मर्यादा बघा.

एसजीपीटीची गंमत वेगळीच आहे. बऱ्याच लॅब वरची मर्यादा ४० ते ५० च्या आसपास छापतात. पण ज्यांना 'निरोगी' धरून ती काढली गेली त्यांच्यातल्या अनेकांचं यकृत आधीच चरबीने भरलेलं असणार. म्हणून अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितलं, की खरोखर निरोगी पुरुषाचं एसजीपीटी २९ ते ३३ च्या आत आणि स्त्रीचं १९ ते २५ च्या आत असायला हवं. मधुमेह असेल, पोट सुटलेलं असेल आणि एसजीपीटी ४४ असेल, तर रिपोर्टवर खूण नसली तरी डॉक्टरांना विचारा.

पायरी २ : आकड्यांचे तीन ढीग करा

'लिव्हर फंक्शन टेस्ट' हे नावच दिशाभूल करतं. त्यातले निम्मे आकडे यकृत काम कसं करतंय हे सांगतच नाहीत. म्हणून कागद हातात आला की मनात तीन ढीग करा.

पहिला ढीग एसजीपीटी आणि एसजीओटी यांचा. काही रिपोर्टवर त्यांनाच एएलटी आणि एएसटी म्हटलेलं असतं. हे यकृताच्या पेशींमधले एन्झाइम. पेशी दुखावली की ते रक्तात सांडतात. दुसरा ढीग अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी यांचा. पित्त वाहून नेणाऱ्या नळ्यांची खबर ते देतात. तिसरा ढीग अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि बहुतेक वेळा वेगळी करावी लागणारी पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी. यकृत काम करतंय का, हे हा ढीग सांगतो.

धान्याची कणगी डोळ्यापुढे आणा. कणगीला भोक पडलं की दाणे बाहेर सांडतात. सांडलेले दाणे म्हणजे एसजीपीटी. त्यावरून भोक पडलंय एवढं कळतं, आत किती धान्य शिल्लक आहे ते कळत नाही. कणगी रिकामी होत आली की भोक असूनही फारसं काही सांडत नाही. वर्षानुवर्षं झिजून सिऱ्होसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कठीण झालेल्या, यकृताचं एसजीपीटी ३६ येतं ते यामुळेच.

पायरी ३ : एसजीपीटी, एसजीओटी किती पट?

इथे आकड्यापेक्षा पट बघायची. मर्यादा ४० असेल तर ८० म्हणजे दुप्पट, १२०० म्हणजे तीसपट.

पाच पटीच्या आतली वाढ सगळ्यांत जास्त दिसते आणि तिचं सर्वांत मोठं कारण फॅटी लिव्हर. मधुमेह, वाढलेलं वजन, ट्रायग्लिसराइड आणि बसून काम हे सगळं त्याच गोतावळ्यातलं. बारीक अंगाच्या पण पोट सुटलेल्या माणसांनाही ते होतं, आणि आपल्याकडे अशी माणसं पुष्कळ. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर, स्त्रियांची ८० च्या वर असेल तर सावध व्हावं. दुसरी कारणं म्हणजे दारू, चालू असलेली औषधं आणि हिपॅटायटिस बी किंवा सी. हिपॅटायटिसचे हे दोन विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. म्हणून एसजीपीटी थोडं जरी वाढलेलं राहिलं तरी एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या तपासण्या एकदा तरी कराव्यात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात, म्हणजे २०१८ पासून, त्यांची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा काही महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

एसजीपीटी हजाराच्या पुढे गेलं की कारणांची यादी आखडते: हिपॅटायटिस ए, ई किंवा बीचा ताजा संसर्ग, औषधाची किंवा विषाची इजा, नाहीतर रक्तदाब फार खाली जाऊन यकृताचा रक्तपुरवठा तुटणं. पावसाळ्यात पाण्याच्या नळात गटाराचं पाणी मिसळलं की गल्लीच्या गल्ली कावीळ होते, ती हिपॅटायटिस ए किंवा ईची. २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली साथ हिपॅटायटिस ईची होती. धडधाकट माणूस यातून सहसा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. गरोदर बाईला मात्र, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई जीवघेणा ठरू शकतो. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत सुरक्षित आहे. प्रौढाने दिवसाला ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर, जाऊ नये. दारू पिणाऱ्याने आणि अशक्त माणसाने त्याहून बरंच कमी घ्यावं. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे विसरू नका. चुकून किंवा मुद्दाम जास्त घेतलं गेलं असेल तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. त्यावरचा उतारा पहिल्या काही तासांत सर्वांत चांगला लागू पडतो आणि पहिल्या दिवशी एसजीपीटी नॉर्मलही असू शकतं. उंदीर मारायच्या ज्या मलमात पिवळा फॉस्फरस असतो त्यालाही हेच लागू: तब्येत ठीक दिसली तरी तत्काळ रुग्णालय.

दोघांमधलं कोण मोठं, हेही बघा. फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला एसजीपीटी मोठं असतं. दारूच्या इजेत एसजीओटी बहुधा एसजीपीटीच्या दुपटीच्या वर जातं, आणि तरी ३०० च्या आतच राहतं. डेंग्यूमध्येही एसजीओटी पुढे असतं, तेव्हा ताप आलेल्या माणसाचा असा रिपोर्ट बघून त्याच्यावर दारूचा संशय घेऊ नये. आणि कसलीच सवय नसलेल्या माणसाचं एसजीओटी हळूहळू एसजीपीटीला मागे टाकत असेल, तर यकृत आतून कठीण होत चाललंय का हे तपासायला हवं.

पायरी ४ : पित्ताची वाट

अल्कलाइन फॉस्फटेज यकृतासारखंच हाडांतूनही येतं. म्हणून वाढीच्या वयातल्या मुलाचा आकडा मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असला तरी तो सहसा वाढत्या हाडांचा असतो. गरोदरपणाच्या शेवटी तो वारेतून येतो. 'ड' जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही वाढतो. कुठून आला हे ओळखायला शेजारचं जीजीटी बघा. दोन्ही वाढलेले असतील तर यकृत किंवा पित्तनलिका, फक्त अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं असेल तर आधी हाडांचा विचार. एकटं जीजीटी मात्र फार मनावर घेऊ नका. दारूने वाढतं, फिटच्या काही गोळ्यांनीही वाढतं.

इथे एक सोपं गणित आहे, डॉक्टरही तेच करतात. एसजीपीटी किती पट ते काढा, अल्कलाइन फॉस्फटेज किती पट ते काढा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ५ किंवा जास्त आलं तर इजा पेशींची, २ किंवा कमी आलं तर अडथळा पित्ताच्या वाटेत, मधलं आलं तर मिश्र. एसजीपीटी १२०० म्हणजे तीसपट, अल्कलाइन फॉस्फटेज १२० च्या मर्यादेवर १८० म्हणजे दीडपट. भागाकार २०. ही पेशींची सूज. उलट एसजीपीटी १२० म्हणजे तिप्पट आणि अल्कलाइन फॉस्फटेज ५४० म्हणजे साडेचारपट असेल तर भागाकार एकाहूनही कमी. इथे सोनोग्राफी लवकर करावी, नळीत खडा अडकलाय का, गाठ आहे का, नळ्या फुगल्यात का ते दिसतं. सोबत थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली कळ असेल तर नळीत पू होत असू शकतो. ती आणीबाणी समजा.

पायरी ५ : बिलिरुबिन कोणतं वाढलंय?

एकूण बिलिरुबिन साधारण १.२ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. डोळे पिवळे दिसायला लागतात ते दोन-तीनच्या पुढे. पण एकूण आकड्यावर थांबू नका, खालच्या दोन ओळी वाचा: डायरेक्ट आणि इनडायरेक्ट.

इनडायरेक्ट म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं. ते एकटंच वाढलं असेल तर एक शक्यता तांबड्या पेशी भराभर फुटण्याची. तेव्हा हिमोग्लोबिन बघावं. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांत सिकल सेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचीही आठवण ठेवावी. दुसरी शक्यता अगदी निरुपद्रवी आहे. गिल्बर्ट सिंड्रोम नावाची ही जन्मजात ठेवण असते. बिलिरुबिन दीड-दोनच्या आसपास, उपासाच्या किंवा तापाच्या दिवसांत अडीच-तीनपर्यंत आणि बाकी सगळे आकडे छान. तरुण मुलांच्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत हे सापडतं आणि घरात हलकल्लोळ होतो. त्याला औषध लागत नाही, पथ्य लागत नाही.

डायरेक्ट वाढलं की गोष्ट यकृताची किंवा पित्तनलिकेची. हे बिलिरुबिन लघवीत उतरतं म्हणून लघवी कडक चहासारखी होते. पित्त आतड्यात पोचलंच नाही तर शौच पांढुरकं, मातीसारखं होतं आणि अंगाला खाज सुटते. डॉक्टरांना हे रंग सांगा. चांगल्या निदानाची निम्मी वाट त्यांतूनच सापडते.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. पहिल्या आठवड्यातली कावीळ बहुतेक बाळांना होते. पण कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली तर डायरेक्ट बिलिरुबिन तपासलंच पाहिजे. "उन्हात धरा, जाईल" असं कुणी म्हटलं तरीही. बाळाची शी पांढरी होत असेल तर एक दिवसही थांबू नका. पित्तनलिका बंद असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया साधारण दोन महिन्यांच्या आत झाली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. हा एक परिच्छेद तेवढा ओळखीच्या प्रत्येक बाळंतिणीपर्यंत पोचवा.

पायरी ६ : कणगीत किती शिल्लक आहे?

आता तिसरा ढीग. अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृत बनवतं. साधारण ३.५ ते ५ ही त्याची मर्यादा. रक्तात ते सुमारे तीन आठवडे टिकतं, म्हणून कालपरवाच्या आजारात ते लगेच घसरत नाही. कमी असेल तर दुखणं जुनं आहे, किंवा कारण यकृताबाहेर आहे: लघवीतून प्रथिनं जाणं, कुपोषण, मोठा संसर्ग. अल्ब्युमिन कमी आणि ग्लोब्युलिन जास्त, म्हणजे रिपोर्टमधलं ए-जी गुणोत्तर उलटं, हे चित्र सिऱ्होसिसमध्ये नेहमी दिसतं.

ताज्या आजारात कौल देते ती पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारे काही घटक काही तासांतच संपतात, यकृताने ते सतत बनवावे लागतात. म्हणून तीव्र काविळीत हा आकडा वाढला की यकृत थकत चाललंय असं समजतात. इथेच सगळ्यांत घातक गैरसमज होतो. काविळीच्या रुग्णाचं एसजीपीटी २५०० वरून ४०० वर आलं, घरच्यांना हायसं वाटलं. पण त्याच वेळी बिलिरुबिन चढत असेल आणि आयएनआर वाढत असेल, तर एसजीपीटी उतरलं ते सांडायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून. अशा वेळी यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्राशी डॉक्टरांनी लगेच बोलायला हवं.

आणखी एक आकडा एलएफटीत नसतो, सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, असतो: प्लेटलेट. यकृत कठीण झालं की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट कमी होतात. चार आकडे घेऊन फिब-४ नावाचा हिशेब घरीही करता येतो. वयाला एसजीओटीने गुणा. दुसरीकडे प्लेटलेटचे हजार घ्या (२.४ लाख म्हणजे २४०) आणि त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १.३ च्या आत असेल तर यकृतात मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर जास्त. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही आणि तापात प्लेटलेट उतरलेल्या असताना तर करूच नये.

आपल्या पहिल्या माणसाच्या प्लेटलेट २.४ लाख धरा: ४२ गुणिले ५२ म्हणजे २१८४. ७८ चं वर्गमूळ ८.८३, गुणिले २४० म्हणजे सुमारे २१२०. भागाकार १.०३. कारण शोधावं, वजन उतरवावं, पण रात्रभर जागण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच्या प्लेटलेट १.१ लाख धरा: ५८ गुणिले ५८ म्हणजे ३३६४, खाली ११० गुणिले ६ म्हणजे ६६०. भागाकार ५.१. कपाटात टाकलेला तो कागद काढून याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांकडे जायला हवं. पुढे सोनोग्राफी, यकृत किती कठीण झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन, गरज पडली तर एंडोस्कोपी होईल.

पायरी ७ : पोटात काय काय जातंय?

डॉक्टरांना गोळ्यांची नावं सांगताना लोक फक्त 'इंग्रजी' औषधं सांगतात. काढा, चूर्ण, भस्म, वजन कमी करायची पावडर, जिममधली सप्लिमेंट हे सगळं सांगायला हवं. गुळवेल आठवा. कोरोनात घरोघरी तिचा काढा उकळला जात होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, एसजीपीटी वाढलेलं असताना काढा थांबवणं आणि डॉक्टरांना सांगणं यात नुकसान काहीच नाही.

क्षयाच्या औषधांबाबत उलट चूक होते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात, पण एसजीपीटी थोडं वाढलं म्हणून कोर्स स्वतःहून सोडणं फार धोक्याचं. मळमळ, भूक मेलेली, डोळे पिवळे असं काही दिसलं तर त्याच दिवशी केंद्रावर जा. औषध कधी थांबवायचं आणि कोणतं पुन्हा सुरू करायचं याचे नियम त्यांच्याकडे असतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्याही फॅटी लिव्हर आहे म्हणून बंद करू नका, त्या हृदयासाठी गरजेच्या असतात.

आणि काविळीचं गावठी औषध. गळ्यातली माळ जसजशी लांब होते तशी कावीळ उतरते म्हणतात, पण काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, ते कावीळ नसलेल्या माणसाचेही हात तसेच धुवून बघा म्हणजे कळेल. नाकात रस पिळला की आतली त्वचा भाजते आणि पिवळं पाणी गळतं. हिपॅटायटिस ए आपोआप बरा होतो, श्रेय माळेला जातं. ज्याच्या नळीत गाठ आहे किंवा ज्याचं आयएनआर वाढतंय, त्याचे मात्र मोलाचे दिवस त्यात जातात. लोकांच्या श्रद्धेचा मी अवमान करत नाही. माळ घालायची तर घाला, पण रक्त तपासल्याशिवाय घालू नका.

पायरी ८ : पुढे काय?

वाढ थोडी असेल आणि तब्येत ठीक असेल तर दारू पूर्ण बंद ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने नको ती औषधं थांबवून, सांगितलेल्या मुदतीनंतर तपासणी पुन्हा करा. शक्यतो त्याच लॅबमध्ये. आठवड्याला एसजीपीटी करत बसू नका, त्याने चिंता तेवढी वाढते. फॅटी लिव्हरमध्ये वजन सात ते दहा टक्के उतरलं की यकृताची सूज खरोखर कमी होते. ८० किलोच्या माणसासाठी ते सहा ते आठ किलो, आणि घाई न करता सहा महिने-वर्षभरात.

दिवसा झोप आणि रात्री जाग असं होणं, असंबद्ध बोलणं, झापड, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, पोटात पाणी भरणं, पिवळ्या डोळ्यांसोबत न थांबणाऱ्या उलट्या: यातलं एकही दिसलं तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालयात जा. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे ताप, अंगदुखी, पिवळे डोळे आणि लघवी कमी अशी तक्रार असेल आणि बिलिरुबिन खूप वाढूनही एसजीपीटी जेमतेम वाढलेलं असेल तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची, शंका घेतात. त्यात मूत्रपिंडंही लवकर बिघडतात.

डॉक्टरांकडे जाताना एका साध्या वहीच्या पानावर उभे रकाने आखा. डावीकडे तारीख, मग एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन, प्लेटलेट, आयएनआर. शेवटच्या रुंद रकान्यात त्या आठवड्यात सुरू किंवा बंद केलेलं औषध आणि वजन. जुने रिपोर्ट फाइलमध्ये असतीलच, ते काढून मागच्या तारखांपासून ओळी भरा. आमच्या काउंटरवर एक आजी नवऱ्याचं असं पान घेऊन येतात, पेन्सिलीने आखलेलं, कडा मऊ झालेल्या. नवा रिपोर्ट हातात पडला की त्या बाकावर बसून आधी ओळ भरतात. मग ठळक आकड्यांकडे न बघता अल्ब्युमिनच्या रकान्यावर बोट ठेवून ते वरून खाली नेतात.